शुद्ध आणि कोमल यांच्या मधला ग

कुठल्याही म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये 'अरेबिक' हा शब्द शोधून बघा. लूप मिळतील, सॅम्पल पॅक मिळतील, स्केलच्या यादीत 'अरेबियन' नावाची एखादी ओळ मिळेल. ती निवडून पट्ट्या दाबल्या की बहुतेक वेळा एकच सुरावट कानावर येते: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. भैरव ऐकलेल्या कानाला ती लगेच ओळखू येईल. अरबी संगीतात या चार स्वरांच्या जुळणीला हिजाझ म्हणतात. पडद्यावर वाळवंट आलं, उंट आला, बाजारातली गर्दी आली की पार्श्वसंगीतात हाच हिजाझ सुरू होतो. हॉलिवूडमध्ये होतो, हिंदी सिनेमात होतो, व्हिडिओ गेममध्ये तर होतोच होतो.

हिजाझ खोटा नाही. अरबी संगीतात तो आहे आणि भरपूर आहे. पण रास्त आणि बयाती हे तिथले रोजच्या जेवणातले मकाम. ते या प्रीसेटमध्ये सहसा नसतात. का नसतात, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधायची गरज नाही. हिजाझ पियानोच्या बारा पट्ट्यांत कसाबसा बसतो, रास्त आणि बयाती बसत नाहीत. एवढंच. जगाच्या कानात जो 'अरबी आवाज' बसलाय त्याची निवड एका युरोपीय वाद्याच्या पट्ट्यांनी केलेली आहे, आणि ही निवड झाली हेसुद्धा आपल्याला कळलेलं नाही.

मकाम म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला फार वेळ लागत नाही. तो थाटापेक्षा रागाच्या जवळचा आहे. नुसते स्वर नव्हे, तर स्वरांमधून चालण्याची रीत, कुठे थांबायचं, कुठून दुसऱ्या मकामात जायचं, हे सगळं त्यात येतं. तीन ते पाच स्वरांच्या छोट्या जुळण्या असतात, त्यांना जिन्स म्हणतात. वादक एका जिन्समधून दुसऱ्यात जातो आणि परत घरी येतो. आता रास्त घ्या. सा रे ग म प ध नी, सगळं ओळखीचं. फक्त ग आणि नी हे शुद्धही नाहीत आणि कोमलही नाहीत, दोन्हींच्या मधे कुठेतरी आहेत. बयातीत रे असा मधला आहे, ग मात्र सरळ कोमल.

आकड्यांत सांगायचं तर पियानोवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये 100 सेंटचं अंतर असतं. मधल्या सी पट्टीला सा धरलं तर कोमल ग सुमारे 311 हर्ट्झवर येतो आणि शुद्ध ग सुमारे 330 वर. बरोबर मधला ग काढला तर तो 320 हर्ट्झच्या आसपास पडतो. पियानोवर त्या जागी लाकडाच्या दोन पट्ट्यांमधली फट आहे.

ही फट भरायचे प्रयत्न जुने आहेत. 1932 साली कैरोमध्ये राजा फुआदच्या आश्रयाखाली अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्तोक आणि पॉल हिंडेमिथ तिथे होते. वाद्यांच्या समितीचे अध्यक्ष कर्ट झाक्स होते. पियानोला अरबी संगीतात घ्यायचं की नाही, सप्तकाचे 24 समान तुकडे करायचे की नाही, यावर तिथे जोरदार वाद झाले. गंमत अशी की आधुनिक व्हायला उतावीळ इजिप्शियन प्रतिनिधींना पियानो हवा होता आणि युरोपातून आलेले विद्वान 'नको, तुमचं तुम्ही जपा' म्हणत होते. दोन्ही बाजूंमध्ये थोडा अहंकार होता असं मला वाटतं. दुसऱ्याच्या घरातलं जुनं सामान जपून ठेवायचा सल्ला देणं सोपं असतं. पुढे बैरूतमध्ये अब्दल्ला शाहीन यांनी पाव टोनही देईल असा पियानो घडवला. त्यांची पणती झैना अबिराशेद हिनं 2015 मध्ये त्यावर एक सुंदर फ्रेंच चित्रकादंबरी काढली. मिळाली तर जरूर बघा.

आपल्याकडे हीच भानगड पेटीवरून झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि साताऱ्यात न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला. नंतर 1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. पण आपल्याकडे पेटी मुख्यतः साथीला राहिली. गळा पुढे असतो, श्रुतीची जबाबदारी गळ्यावर असते. अरबी लग्नातल्या कीबोर्डला ती सोय नाही. तिथे तोच नवरदेवापेक्षा मोठ्या आवाजात पुढे असतो.

अरबी देशांत कीबोर्डला सरसकट 'ओर्ग' म्हणतात, ऑर्गनवरून आलेला शब्द. सत्तरच्या दशकात अब्देल हलीम हाफेझच्या वाद्यवृंदात मजदी अल-हुसैनी इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवत होते. पुढे जपानी कंपन्यांनी ही बाजारपेठ ओळखली. यामाहाची पीएसआर-ए मालिका, कॅसिओची एटी मालिका, कोर्गचे पीए कीबोर्ड यांत पाव टोनची सोय आली. कल्पना साधी: बारा स्वरांसाठी बारा बटणं. ईचं बटण दाबलं की कीबोर्डवरचे सगळे ई 50 सेंटनी उतरतात. सीपासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा, ई आणि बी उतरवा, झाला रास्त.

परंपरावाद्यांना ही बटणं म्हणजे यंत्राची घुसखोरी वाटते. मला इथे त्यांच्याशी भांडायचंय. कानून हे वाद्य बघा. आपल्या स्वरमंडळाचं थोरलं भावंड म्हणा. मांडीवर आडवं ठेवलेलं, साधारण 78 तारा, एकेका स्वराला तीन तारा. प्रत्येक स्वराच्या तारांखाली डाव्या बाजूला धातूच्या छोट्या छोट्या खिट्ट्या असतात. खिट्टी उचलली की तारेची लांबी बदलते आणि स्वर थोडा चढतो. वादक उजव्या हातानं वाजवता वाजवता डाव्या हातानं खिट्ट्या वरखाली करून मकाम बदलतो. ओर्गवाला बटणांचं जे करतो ते नेमकं हेच आहे. कीबोर्डनं इथे पियानोकडे पाठ फिरवून कानूनचा स्वभाव घेतला. अरबी वादकांनी या वाद्याला इतक्या सहज घरात घेतलं, त्याचं निम्मं कारण मला इथे दिसतं.

पण कानूनमध्ये दोन गोष्टी आहेत ज्या बटणांत नाहीत. पहिली: कानूनवर प्रत्येक सप्तकातल्या स्वराला आपल्या वेगळ्या खिट्ट्या असतात. मंद्र सप्तकातला नी उतरलेला आणि मधला नी सरळ, असं करता येतं. कीबोर्डवरचं बटण सगळ्या सप्तकांना एकदम लागू होतं. (कोडमध्ये असं ग्लोबल व्हेरिएबल ठेवलं तर रिव्ह्यूमध्ये चांगलीच हजेरी घेतली जाते.) शिवाय पट्ट्या बाराच. ई उतरवला की मूळ ई गेला. एक मधला स्वर मिळवायचा तर एक जुना गहाण ठेवायचा.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. तो मधला ग 'बरोबर मधे' असतो हे कुणी सांगितलं? दहाव्या शतकातल्या अल-फाराबीनं ऊदवरच्या या स्वराचं गुणोत्तर 27/22 दिलं. सेंटमध्ये ते साधारण 355 होतं. त्यानंतर इब्न सीनानं 39/32 दिलं, म्हणजे साधारण 342. बटणाचा ग 350 वर. तिघंही जवळजवळ आहेत, पण एक नाहीत. आजही तुर्कस्तानातला रास्तचा ग इजिप्तमधल्यापेक्षा चढा लागतो. आणि एकाच गावात, एकाच वादकाच्या हातात, रास्तमधला ई आणि डीवरून वाजवलेल्या बयातीतला ई यांत फरक असतो. नाव एक, पट्टी एक, पण बयातीत तो थोडा खाली बसतो. पियानोत बसलेल्या हिजाझचंही तसंच: चांगला वादक कोमल रे किंचित चढवतो, ग किंचित उतरवतो, मधली दरी जरा लहान करतो. प्रीसेटमधला हिजाझ ती दरी पूर्ण उघडी ठेवतो, म्हणून तो इतका नाटकी वाटतो.

म्हणून 50 सेंट हा आकडा मला एखाद्या सरकारी सरासरीसारखा वाटतो. कुणाचाच नाही, सगळ्यांना चालवून घ्यावा लागतो.

आता सॉफ्टवेअरकडे. मिडी 1983 साली आलं. त्यावर आरोप होतो की त्यानं जगाला बारा स्वरांच्या तुरुंगात टाकलं. आरोप अर्धाच खरा आहे. मिडीचा निरोप फक्त एवढाच असतो: 64 नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात. 64 म्हणजे किती हर्ट्झ, हे ठरवायचं पलीकडच्या सिंथनं. 1992 पासून तर प्रत्येक पट्टीला हवी ती श्रुती देण्याचं अधिकृत मिडी मानक आहे. ते बहुतेकांनी अमलातच आणलं नाही. कारण तांत्रिक नाही. प्रॉडक्ट बनवणाऱ्यांच्या यादीत ते काम कायम तळाला राहिलं. बॅकलॉग नावाच्या जागी गोष्टी कशा मरतात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मग लोकांनी जुगाड केले. पिच बेंडला 16,384 पायऱ्या असतात आणि तो सहसा दोन्ही बाजूंना 200 सेंट जातो, तेव्हा 2,048 पायऱ्या खाली गेलं की 50 सेंट उतरतात. पण पिच बेंड पूर्ण चॅनलला लागतो. सा धरून ठेवलाय आणि ग उतरवायचाय, तर सासुद्धा घसरतो. प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनलवर पाठवण्याची एमपीई पद्धत 2018 मध्ये प्रमाणित झाली. एबल्टन लाइव्हमध्ये ट्यूनिंग थेट बदलण्याची सोय यायला 2024 आणि बारावी आवृत्ती उजाडावी लागली. त्याआधी 2021 मध्ये इराकी-ब्रिटिश संगीतकार खय्याम अल्लामी यांनी लेइमा आणि अपोटोमी ही दोन ब्राउझरमध्ये चालणारी साधनं फुकट उपलब्ध करून दिली. लेइमात ट्यूनिंग हाच सगळ्यात आधीचा प्रश्न आहे; सेटिंगच्या चौथ्या मेनूत लपवलेला पर्याय नाही. माझ्या मते डिझाइनच्या दृष्टीनं ही त्या साधनातली सगळ्यात धीट गोष्ट आहे.

आवाजांचं मात्र वेगळंच आहे. सॉफ्टवेअरमधला ऊद मला बहुतेक ठिकाणी रबरी वाटतो. ऊदवर पडदे नसतात, नखीचा प्रत्येक आघात वेगळा असतो, आणि सॅम्पल कितीही घेतले तरी दहाव्या आघाताला यंत्र पकडलं जातं. नेय या बासरीचंही तसंच, तिच्यात सुराइतकीच फुंकर ऐकायची असते. पण मिजविझ ऐका. दोन नळ्या शेजारीशेजारी बांधलेलं, पिपाणीच्या आवाजाचं लोकवाद्य. दोन्ही नळ्यांचे सूर जवळजवळ एक, पण अगदी एक नाहीत, त्यामुळे आवाज थरथरतो. वादक गालांत हवा साठवून श्वास न तोडता वाजवतो. आता सिंथ काय करतो? दोन ऑसिलेटर किंचित बेसूर करून एकत्र सोडतो, तशीच थरथर येते. आणि त्याला श्वास लागतच नाही. मिजविझची नक्कल करताना सिंथला स्वतःचा स्वभाव सोडावा लागत नाही.

हे कुणी ओळखलं? सीरियातल्या लग्नांत वाजवणाऱ्या रिझान सईदनं. ओमर सुलेमानचा दबके तुम्ही ऐकला असेल; लग्नांत रेकॉर्ड झालेल्या शेकडो कॅसेटी, मग जगभरचे फेस्टिव्हल, मग 2013 मध्ये कीरन हेब्डननं निर्मिती केलेला 'वेनू वेनू'. पाश्चात्त्य समीक्षकांनी बहुतेक शब्द सुलेमानच्या काळ्या चष्म्यावर आणि लाल-पांढऱ्या रुमालावर खर्च केले. त्या अल्बममधली खरी करामत कीबोर्डची आहे. सुलेमान दोन ओळी म्हणून थांबतो आणि रिझान त्या फटीत शिरतो: मिजविझ, झुर्ना, बुझुक यांच्या मधला कसलातरी चिरका आवाज, पिच व्हीलवर सतत हात, स्वर एका जागी उभा राहतच नाही. बटणानं दिलेले 50 सेंट तो फक्त मुक्कामाचं ठिकाण म्हणून वापरतो, नेमकी खोली स्वतः शोधतो. याउलट कैरोचा इस्लाम चिप्सी दोन ड्रमवाल्यांसोबत तळहातांनी आणि मुठींनी पट्ट्यांवर तुटून पडतो. तिथे मधला स्वर लावण्याची नजाकत शोधू नका. पट्ट्यांचा अख्खा घोस एकदम वाजतो आणि अंगावर येतो. मला तो एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त झेपत नाही, पण ती वीस मिनिटं कुठल्याही 'डेझर्ट व्हाइब्स' सॅम्पल पॅकपेक्षा जास्त अरबी आहेत.

आज लॅपटॉपवर रास्तचा ग अल-फाराबीच्या 355 वर ठेवता येतो, किंवा बयातीसाठी हवा तितका खाली. फाइल बनवायची, लोड करायची, वाजवायचं. पण एकाच गाण्यात रास्तमधून बयातीत जायचं, तोच ई जाताना किंचित उतरवायचा आणि परत येताना चढवायचा, असं म्हटलं की ऑटोमेशनच्या रेघा ओढणं आलं, किंवा मिडी कंट्रोलरवर एक नॉब बांधून घेणं. कानूनवाला हे दोन आघातांच्या मधे डाव्या हातानं उरकतो, तेही शेजारच्या ऊदवाल्याकडे बघत.