क्यूबे खोटं बोलत नाही : ‘मादोका माजिका’ आणि संमतीचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत ‘मला अॅनिमेवर काम करायचंय’ असं सांगणारे विद्यार्थी आता नवलाचे राहिलेले नाहीत. पण समितीने ‘बरं, त्यात नेमकं काय?’ असं विचारलं की बहुतेकांची गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. एक, ‘मालिका खूप डार्क आहे’. दोन, ‘तिने जादुई मुलींच्या गोष्टींचा साचाच मोडला’. ही दोन्ही विधानं ‘पुएला मागी मादोका माजिका’बद्दल इतक्या वेळा केली गेली आहेत की ती तपासून बघावीत असं कुणाला वाटतच नाही. आज ती तपासूया. (स्पॉयलर आहेत, आणि सगळे आहेत. बारा एपिसोड आधी बघून या, मी थांबते.)

आधी थोडी ओळख. 2011 साली जपानमध्ये रात्री उशिरा दाखवली गेलेली ही मालिका. दिग्दर्शक अकियुकी शिम्बो, लेखक गेन उरोबुची, स्टुडिओ शाफ्ट. शाळकरी मुलीला एक पांढरा, गोंडस प्राणी भेटतो, नाव क्यूबे. तो म्हणतो, तुझी कुठलीही एक इच्छा पूर्ण करतो, बदल्यात जादुई मुलगी हो आणि चेटकिणींशी लढ. पुढे कळतं की करार करताच मुलीचा आत्मा शरीरातून काढून ‘सोल जेम’ नावाच्या खड्यात ठेवला जातो. आणि निराशेने तो खडा पुरता काळवंडला की ती मुलगीच चेटकीण होते.

आता ‘साचा मोडला’ हे विधान. जपानी टीव्हीवर जादुई मुली 1966 च्या ‘सॅली’पासून आहेत. 1982 साली सुरू झालेल्या ‘मिंकी मोमो’ची नायिका चक्क ट्रकखाली मरते. ‘सेलर मून’च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी, 1993 मध्ये, एकेक करून सगळ्या मैत्रिणी मरतात (नंतर परत येतात, ते सोडा). शिवाय शिम्बोने स्वतः 2004 साली ‘लिरिकल नानोहा’ ही जादुई मुलीचीच मालिका दिग्दर्शित केली होती. म्हणजे मृत्यू पहिल्यांदा आला हे खरं नाही, आणि कुणी बाहेरचा येऊन साचा फोडून गेला हेही नाही. ‘पहिल्यांदाच’ हा शब्द तुमच्या प्रस्तावात असेल तर तो आधी काढा. समितीतला एक जरी माणूस चार मालिका जास्त बघून आला असेल, तर तुमचा सगळा वेळ बचावातच जाईल.

मग या मालिकेचं बळ कशात आहे? माझ्या मते करारात. क्यूबे तुमच्या ओळखीचा आहे, कारण लवकरच तुम्हालाही त्याच्या जागी बसायचंय. माणसांवरचं कुठलंही संशोधन सुरू करण्याआधी तुम्ही संमतीपत्र तयार करता : अभ्यास कशाचा, धोका काय, मध्येच बाहेर पडता येईल का. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून बघा. सहभागी अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते, आणि बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही. आमिष इतकं मोठं नको की समोरचा धोक्याचा विचारच करणार नाही.

हे निकष क्यूबेला लावून बघा. मादोका मिडल स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या हिशेबाने आठवीत. पालकांना पत्ताच नाही. आमिष काय, तर जगातली कुठलीही इच्छा. मामीने करार केला तेव्हा ती अपघातानंतर मरणाच्या दारात होती, तिची इच्छा फक्त जगण्याची होती. अशा अवस्थेतल्या होकाराला होकार म्हणायचं का? सायाकाने आवडत्या मुलाचा, क्योसुकेचा, निकामी झालेला हात बरा व्हावा म्हणून करार केला. खड्यात आपला आत्मा आहे हे तिला नंतर कळलं. आणि जाब विचारल्यावर क्यूबेचा पवित्रा काय, तर कुणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही. त्याला राग येत नाही, दया येत नाही. मुलींच्या भावनांतून मिळणारी ऊर्जा विश्वाला हवी आहे, एवढाच त्याचा हिशेब. (त्यासाठी तो एन्ट्रॉपीचं जे भौतिकशास्त्र सांगतो, ते भौतिकशास्त्राच्या मित्रांना दाखवू नका.)

चाहते म्हणतात, ‘क्यूबे कधीच खोटं बोलत नाही.’ इथे नवव्या एपिसोडकडे बघा. चेटकीण झालेल्या सायाकाला परत आणता येईल का, असं क्योको विचारते. क्यूबे म्हणतो की असं कधी घडल्याचं त्याला माहीत नाही, पण जादुई मुली तर्काला धरून नसतात, तेव्हा घडलं तर नवल नाही. क्योको त्या आशेवर जाते आणि मरते. नंतर होमुराने विचारल्यावर तो शांतपणे सांगतो की ते अर्थातच अशक्य होतं. एकेक वाक्य सुटं घेतलं तर कुठेच पकडता येत नाही. एकत्र ठेवलं की फसवणूक दिसते. संमतीपत्रातली वाईट वाक्यं अशीच असतात.

या चौकटीतून बघितलं की मालिकेवरचा एक जुना आक्षेप वेगळा दिसायला लागतो. ‘मादोका नायिका असून काहीच करत नाही’ असं अनेकांना वाटतं. खरंच, ती अगदी शेवटच्या एपिसोडपर्यंत करार करत नाही. तिसऱ्या एपिसोडात तिची तयारी झालेली असते, तेवढ्यात मामी मरते. आठव्यात ती सायाकासाठी हो म्हणणार, तेवढ्यात होमुरा क्यूबेवर गोळ्या झाडते. दरवेळी सही लांबते आणि तोवर आणखी एक लपवलेलं कलम बाहेर येतं. बाराव्या एपिसोडात ती सही करते तेव्हा सगळी कलमं माहीत असलेली ती एकटीच असते. बाकी सगळ्यांनी आधी सही केली आणि मग वाचलं, ही आधी वाचते. त्याआधी अकराव्या एपिसोडात, वादळातल्या आसऱ्याच्या ठिकाणी, आई तिला अडवते आणि विचारते की कुणाच्या खोट्याला भुलून तर जात नाहीस ना. आईला करारातलं काही माहीत नाही, तरी तिचा प्रश्न अचूक आहे. सगळ्या मालिकेत हा एक प्रसंग मला सर्वांत जास्त आवडतो.

पण इथेच कच्चा दुवाही आहे. मादोका मागते ते असं, की भूतकाळातल्या आणि भविष्यातल्या सगळ्या चेटकिणी जन्मण्याआधीच आपल्या हाताने नाहीशा व्हाव्यात. इच्छा पूर्ण होते, ती देवत्वाला पोचते, जग बदलतं. युकी काजिउराचं संगीत भरून येतं, आपले डोळेही. आता डोळे पुसा आणि नव्या जगात बघा : क्यूबे आहे, करार आहे, मुली नव्या प्रकारच्या राक्षसांशी लढतायत आणि शक्ती संपली की नाहीशा होतायत. शेवट सुसह्य झाला, पण भरती थांबली नाही. दुसऱ्यासाठी केलेला त्याग माणसाला आतून कसा पोखरतो हे सायाकाच्या निमित्ताने इतक्या कठोरपणे दाखवल्यावर मालिका उत्तर म्हणून त्याहून मोठा त्यागच पुढे करते. ‘मादोकाचा त्याग डोळसपणे केलेला आहे’ असा बचाव करता येईल, आणि तो मला बराचसा पटतो. मात्र करारच नाकारता येईल का, हा प्रश्न मालिका विचारायचं टाळते.

दुसरी उणीव छोटी, पण लेखनात दिसणारी : पाच मुली आणि आई सोडली तर माणसं पुठ्ठ्याची आहेत. क्योसुके हे तर नुसतं कारण आहे. ज्याच्यासाठी एक मुलगी उद्ध्वस्त होते, त्याला स्वतःचं असं मन दिलेलं नाही. पुढे आलेल्या अनेक नकलांनी मालिकेतून नेमकं मरण तेवढं उचललं, त्याला काही अंशी हीच सोय जबाबदार आहे असं मला वाटतं.

एक सावधगिरी. 11 मार्च 2011 च्या भूकंपामुळे शेवटचे दोन एपिसोड लांबले आणि एप्रिलमध्ये दाखवले गेले. त्यामुळे ‘हा शेवट भूकंपानंतरच्या जपानला दिलेला दिलासा आहे’ असं लिहायचा मोह होतो. पटकथा त्याआधीच लिहून झाली होती. प्रेक्षकांनी तो कसा घेतला यावर जरूर लिहा, तो वेगळा आणि चांगला विषय आहे. पण लेखकाच्या हेतूच्या खात्यात ते टाकू नका.

शेवटी 2013 चा ‘रिबेलियन’ चित्रपट, कारण संमतीचा धागा तिथे आणखी पीळ खातो. फुलांच्या माळावर होमुरा मादोकाशी बोलते. या मादोकाला आपण काय होतो, काय निवडलं, यातलं काहीच आठवत नाही. ती म्हणते की सगळ्यांपासून असं दूर जाणं आपल्याला झेपणारच नाही. होमुरा ते वाक्य पुरावा म्हणून उचलते : म्हणजे तिला ते कधीच नको होतं, मी तिला जाऊ द्यायला नको होतं. आणि त्या पुराव्यावर ती मादोकाला देवत्वातून ओढून परत आणते, न विचारता. मुलाखतीतलं उत्तर प्रामाणिक होतं. पण ज्या मादोकाने सही केली, तिला प्रश्न विचारलाच गेला नव्हता.