करारातील दुसरा पक्ष : रोल-प्लेइंग गेममधील देव आणि सैतान

रोल-प्लेइंग गेम या खेळप्रकारात चार-पाच जण टेबलाभोवती बसून प्रत्येकी एकेक पात्र वठवतात. त्यांच्यातला एक जण, ज्याला गेम मास्टर म्हणतात, उरलेले सगळे जग आपल्याकडे घेतो आणि जेथे एखाद्या कृतीचे फळ अनिश्चित असते तेथे फाशांचा कौल घेतला जातो. या प्रकारातील अद्भुतरम्य खेळांना सैतानाशी करार करण्याचे कथासूत्र युरोपीय परंपरेतून मिळाले. १५८७ मध्ये फ्रँकफर्टला छापल्या गेलेल्या फाउस्टच्या कथाग्रंथापासून मार्लो आणि गटे यांच्यापर्यंत त्याची सलग वंशावळ दाखवता येते. नाटकात करार लिहिणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि मुदत भरताच वसुलीला येणारा हे सारे एकाच लेखकाच्या हाताखाली असतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. टेबलावर मात्र सैतान बोलतो तो गेम मास्टरच्या तोंडून, आणि कलमाचा अर्थ काय याचा निवाडाही तोच देतो. ज्याच्या हाती अख्खे जग आहे त्याने लिहिलेल्या करारावर सही करणे म्हणजे केवळ त्याच्या मर्जीवर विसंबणे होय. त्यामुळे अनुभवी खेळाडू असा करार टाळतो, आणि त्यामागे त्याच्या पात्राच्या आत्म्याची काळजी क्वचितच असते. या खेळांतील करारांचा पन्नास वर्षांचा इतिहास मुख्यतः या अडचणीवर शोधलेल्या तोडग्यांचा इतिहास आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) ही अडचण बराच काळ टाळली. त्यात क्लेरिक हे देवाच्या कृपेने मंत्र चालवणारे पात्र पहिल्यापासून होते, पण कृपेची किंमत मोघम होती. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर भारतीय दैवतेही आली. भर होता तो त्यांच्या लढाऊ क्षमतेवर, म्हणजे कोणाला किती हिट पॉइंट, अर्थात किती घाव सोसण्याची ताकद, यावर. पुराणांतील वरदानाची रचना या खेळांना सुचलीच नाही, हे मराठी वाचकाला खटकेल. भस्मासुर किंवा हिरण्यकशिपू यांच्या कथांत तप करणारा देवाला बांधून घेतो, कलमे तोच सांगतो आणि पळवाट शोधण्याची पाळी देवांवर येते. अशा पेचात सापडलेला देव खेळाच्या टेबलावर किती रंगला असता! पुढे अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतानांची नावेच बदलून ‘बाटेझू’ करण्यात आली. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेलही. त्या नावाच्या प्राण्याला आत्मा विकण्यात मात्र कसली थरारकता उरली नव्हती.

आज सर्वाधिक परिचित असलेला करार म्हणजे याच खेळातील वॉरलॉकचा. अमानवी आश्रयदात्याशी करार करून शक्ती मिळवणारे हे पात्र २००४ मध्ये पुरवणी ग्रंथातून आले, २००८ मध्ये मुख्य ग्रंथात स्थिरावले आणि २०१४ च्या आवृत्तीत त्याला सैतान, परीलोकीचा अधिपती किंवा विश्वाबाहेरची एखादी प्राचीन सत्ता यांतून आश्रयदाता निवडता येऊ लागला. कल्पना आकर्षक आहे, पण नियम पाहिले तर शक्ती पातळीगणिक आपोआप वाढत जाते आणि त्या बदल्यात काय द्यायचे ते ठरवण्याचे काम त्या त्या गटावर सोपवलेले दिसते. करार मोडणाऱ्याची शक्ती काढून घेणारा नियमही नाही. परिणामी बहुसंख्य टेबलांवर सैतान पात्राच्या पूर्वचरित्रातल्या एका परिच्छेदात राहतो. खेळाच्या इतिहासात करार इतका लोकप्रिय आणि इतका पोकळ एकाच वेळी कधीच नव्हता.

किंमत खरोखर लावली ती देवांच्या बाबतीत, आणि तीही लवकर. केऑसियम कंपनीच्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये (१९७८), जो ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथा या कल्पित जगात घडतो, देवाकडून मोठा मंत्र मिळवायचा तर पात्राला ‘पॉवर’ या मूलभूत गुणाचे गुण कायमचे अर्पावे लागत. त्याच गुणावर शत्रूच्या जादूला तोंड देण्याची ताकद अवलंबून असल्याने प्रत्येक अर्पणाची झळ लागे. गेलेले गुण सायासाने पुन्हा मिळवता येत, पण पंथ सोडणाऱ्याच्या मागे देवाने धाडलेले सूडपिशाच्च लागे. हा हिशेब पुस्तकात छापलेला असल्याने गेम मास्टरच्या लहरीला वाव कमी राहिला, आणि पहिल्या अडचणीवरचा पहिला प्रामाणिक तोडगा तोच म्हणावा लागेल. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने (२०१२) त्यात रुसव्याची भर घातली. तेथे क्लेरिकचा मंत्र फसला की देवाची नाराजी ओढवण्याची शक्यता त्या दिवसापुरती वाढत जाते आणि संपत्ती अर्पण करून ती कमी करता येते. देवाशी असे रोजचे देणेघेणे नवसाच्या संस्कृतीत वाढलेल्या वाचकाला फाउस्टपेक्षा जवळचे वाटेल.

दुसरा तोडगा अधिक धाडसी होता : सैतानाचा आवाजच गेम मास्टरकडून काढून घेणे. ‘रेथ : द ऑब्लिव्हियन’मध्ये (१९९४) प्रत्येक मृतात्म्याची काळी बाजू शेजारचा खेळाडू वठवतो, तो जादा फासे देऊ करतो आणि ते घेणाऱ्याचा अधःपात जवळ येऊ शकतो. प्रलोभन येथे मित्राच्या ओळखीच्या आवाजात येते, आणि या नियमाची सारी धार त्यातच आहे. रॉन एडवर्ड्सच्या ‘सॉर्सरर’ने आवाज गेम मास्टरकडेच ठेवला, पण प्रत्येक पिशाच्चाला स्वतःची गरज आणि इच्छा दिली, आणि माणुसकीचा अंक शून्यावर आला की पात्र हातचे जाते अशी उघड सीमा आखली. अंक सर्वांसमोर घसरत असतो आणि दोष कलमांतल्या चलाखीला देता येत नाही; या विषयावर याहून गंभीर रचना झालेली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

संगणकावरील ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) राफाएल नावाचा सैतान करार घेऊन येतो. कलमे आधीच लिहिलेली असल्याने पक्षपाताची शंका उरत नाही, शिवाय करार त्याच्या घरातून चोरण्याचीही सोय आहे. पण सही करून पस्तावलेला खेळाडू मागची नोंद उघडून सही पुसून टाकू शकतो, तेव्हा अपरिवर्तनीयता ही कराराची जानच निघून जाते.

सध्या सर्वाधिक अनुकरण होते ते जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चे (२०१७). त्यातल्या ‘डेव्हिल्स बार्गेन’ नियमानुसार टेबलावरचा कोणीही एखादे संकट सुचवतो आणि पात्राने ते पत्करले तर त्याला एक जादा फासा मिळतो. किंमत सर्वांसमोर, फासा पडण्याआधी ठरते. पक्षकार आणि न्यायाधीश वेगळे होतात. मात्र असे करार एका बैठकीत अनेकदा होत असल्याने सैतान नावापुरता उरला आहे. व्यवहार होतो तो संकटाशी, कोणा सत्तेशी नव्हे. त्याच पुस्तकात गुन्हेगारांच्या टोळीला एखाद्या विस्मृत दैवताचा पंथ म्हणून खेळता येते आणि त्या दैवताचे स्वभावविशेषही खेळाडूच निवडतात, पण संकट सुचवण्याचा अधिकार त्या दैवताच्या तोंडी घालणारा नियम हार्परने लिहिलेला नाही.