‘लोअर एड’ : वर्गापर्यंत न पोचलेले एक चांगले पुस्तक

महाविद्यालये नफ्यासाठी चालवावीत का, हा अमेरिकेतील जुना वाद आहे. इतरांनी ज्यांना दारे बंद केली त्यांना आम्ही शिकवतो, असे कंपन्या म्हणतात. ही निव्वळ फसवणूक आहे, असे टीकाकार म्हणतात. समाजशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकमिलन कॉटम यांचे ‘लोअर एड’ (२०१७) हे पुस्तक या दोन्हींच्या पुढे जाते. शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हांला वाटते.

लेखिकेने स्वतः अशा दोन संस्थांत प्रवेश देण्याचे काम केले होते. विद्यार्थी भोळेपणाने तेथे जातात, हे त्यांना मान्य नाही. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे, काम आणि मुले सांभाळून शिकायचे, आणि प्रवेश तर लगेच मिळतो. मग माणूस तेथेच जाणार. कामगाराला शिकवून तयार करण्याचा भार मालक आणि सरकार यांनी झटकला व तो कर्जाच्या रूपाने विद्यार्थ्यावर आला, हे त्यांचे मुख्य म्हणणे. ते आम्हांला पटते.

पुस्तकाची उणीव वेगळी आहे. प्रवेशाच्या टेबलावर काय घडते ते तपशिलाने कळते, वर्गात काय घडते ते फारसे कळत नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीचा २०१२ चा अहवाल येथे उपयोगी पडतो. समितीने तपासलेल्या कंपन्यांनी २००९ या आर्थिक वर्षात उत्पन्नाचे सुमारे २३ टक्के जाहिरात व विद्यार्थी मिळवण्यावर खर्च केले, १९ टक्के नफा ठेवला आणि शिकवण्यावर १७ टक्के खर्च केले. पुढे २०१५ मध्ये कोरिंथियन आणि २०१६ मध्ये आयटीटी या मोठ्या संस्था बंद पडल्या, तेव्हा हजारो विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले.

आपल्याकडे शिक्षणातील नफेखोरी सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्याच्या २००२ च्या निकालात अमान्य केली आहे. तरी महाराष्ट्रात १९८३ पासून वाढलेल्या विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क पालक मोजतातच. बारावीनंतर कोठे जावे, हे ते आपल्यालाच विचारतात. तेव्हा इमारत व जाहिरात पाहू नका, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा आणि शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर तेही विचारा, एवढा सल्ला तरी आपण द्यायला हवा.