राष्ट्रीय उत्पादन धोरण आणि ओझरचा अनुभव : एक परीक्षण

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर केलेले राष्ट्रीय उत्पादन धोरण हा भारताच्या औद्योगिक विचारातील एक महत्त्वाचा दस्तऐवज होय. राष्ट्रीय उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत किमान २५ टक्क्यांवर नेणे, त्याच मुदतीत १० कोटी नवे रोजगार निर्माण करणे, देशांतर्गत मूल्यवृद्धी व तांत्रिक खोली वाढवणे आणि जागतिक स्पर्धेचे सामर्थ्य मिळवणे, ही त्याची प्रमुख उद्दिष्टे. मुदत उलटली तेव्हा हा वाटा १५ ते १७ टक्क्यांच्या आसपासच होता. रोजगाराचे उद्दिष्टही साध्य झाले नव्हते. तथापि आकडे गाठले गेले नाहीत एवढ्यावरून धोरणाला दोष देणे ही टीका सोपी, म्हणूनच अपुरी आहे. धोरणाने मोजावयास काय घेतले आणि काय सोडले, हा अधिक मूलभूत प्रश्न होय.

या दृष्टीने उद्दिष्टांची मांडणी वाचली असता एक गोष्ट नजरेत भरते. वाट्याला टक्केवारी आहे, रोजगाराला संख्या आहे, वाढीच्या वेगाला १२ ते १४ टक्क्यांचे माप आहे, नियोजित गुंतवणूक व उत्पादन क्षेत्रांना किमान ५,००० हेक्टरांची अट आहे. ‘तांत्रिक खोली’ला मात्र कोणतेही परिमाण नाही. कारखाना आला की त्यामागोमाग ज्ञानही येईल, असे गृहीत धरल्याशिवाय अशी मांडणी संभवत नाही.

हे गृहीत कितपत टिकते, याची कसोटी नाशिकजवळच्या ओझर येथे पाहावयास मिळते. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार मिग-२१ विमाने भारतात बनू लागली. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. ओझरचा कारखाना १९६४ चा. प्रथम तयार भागांची जुळणी, नंतर उपभागांची निर्मिती आणि शेवटी कच्च्या मालापासून उत्पादन, असे टप्पे येथील कामगारांनी व तंत्रज्ञांनी ओलांडले. हे यश लहान नव्हे. परंतु भाग ‘कसा’ करावयाचा हे आराखड्यातून शिकता आले, तरी तो ‘तसाच का’ याचे उत्तर आराखड्यात नसते. ते रचनाकाराजवळ राहिले. परिणामी पुढे सुखोई-३० एमकेआयसाठी, डिसेंबर २००० मध्ये, पुन्हा परवान्याचाच करार करावा लागला. हातांचे कौशल्य साडेतीन दशके वाढले होते. रचनेचा अधिकार वाढला नव्हता.

येथे एक आक्षेप संभवतो. त्याच काळात बंगळूरला स्वदेशी रचनेचे मरुत विमान १९६१ मध्ये उडाले, परंतु योग्य इंजिनाअभावी ते अपेक्षित वेग गाठू शकले नाही. मग परवान्याचा मार्ग चुकला असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. परवाना घेणे ही चूक नव्हतीच. परवान्याच्या काळातच रचनेचे शिक्षण समांतर चालवणे आवश्यक होते. ते शक्य असते, याचा पुरावाही ओझरच देते. तेथील संशोधन व संकल्पन केंद्राने जुन्या मिग विमानांच्या सुधारणांचे काम केले. सुमारे अडीच टन वजनाचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र पेलण्यासाठी सुखोईच्या सांगाड्यात फेरफार येथेच झाले आणि जून २०१६ मध्ये ते विमान क्षेपणास्त्रासह नाशिकहून उडाले. परक्या आराखड्यात जबाबदारीने बदल करता येणे, हेच तांत्रिक खोलीचे खरे माप. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले, तेव्हा रचना स्वदेशी होती. इंजिन मात्र अमेरिकन, आणि त्याच्या पुरवठ्यातील विलंबाने विमानांच्या सुपुर्दगीचे वेळापत्रक लांबले होते.

प्रश्न केवळ विमानांचा असता तर तो संरक्षणशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवता आला असता. परंतु सातपूर व अंबड येथील लहान कारखान्यांचे जीवितही याच सूत्राशी बांधलेले आहे. मोठ्या कारखान्याने दिलेल्या आराखड्याबरहुकूम भाग करून देणे, हा त्यांतील अनेकांचा व्यवसाय. नाशिकमध्ये डिझेल इंजिनाचे इंधन फवारणारे भाग बनतात; विजेवर चालणाऱ्या मोटारीला ते लागत नाहीत. आराखडाच रद्द झाला, की केवळ त्याबरहुकूम काम करणाऱ्याचा रोजगार जातो. धातू, माप आणि भार यांचे ‘का’ जाणणारा दुसरे काम उभारू शकतो. ज्ञान आणि रोजगार यांचे नाते धोरणकर्ते मानतात तसे आपोआप जुळणारे नाही आणि काही टीकाकार मानतात तसे विरोधीही नाही. ते शिक्षणाने जुळवावे लागते.

२०२० पासूनच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतही, १४ क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद असताना, प्रोत्साहन बहुतांशी वाढीव विक्रीवर ठरते. २०११ ची उणीव येथे पुन्हा दिसते. किती आराखडे येथे तयार झाले, किती परक्या आराखड्यांत येथील तंत्रज्ञांनी बदल केले आणि लहान कारखान्यांतील किती कामगारांना ते शिक्षण मिळाले, यांची मोजदाद जोवर धोरणाच्या उद्दिष्टांत येत नाही, तोवर ‘ज्ञानाधिष्ठित कारखानदारी’ हे शब्द प्रस्तावनेचेच राहतील.