खुनी आणि देवदूत, एकाच गळ्यात

‘मॅन-अर्ग’ हे गाणे पियानोच्या संथ स्वरांनी उघडते आणि त्या स्वरांवर पीटर हॅमिलचा आवाज इतक्या अलगद येऊन टेकतो, की या गायकाविषयी आजवर ऐकलेले सारे आपल्याला क्षणभर खोटेच वाटावे. कर्कश, आक्रस्ताळा, नाटकी अशी विशेषणे या आवाजाला पन्नासहून अधिक वर्षे चिकटून आहेत. प्रोग्रेसिव्ह रॉकचे निस्सीम चाहतेसुद्धा ‘कानाला सवय व्हावी लागते’ असे म्हणून त्याच्या उंबरठ्यावर जरा थबकतात. इथे मात्र पहिल्या कडव्यात भेटतो तो खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलण्याच्या पातळीवरचा, कबुलीजबाब द्यावा तसा सूर. आपल्या आत एक खुनी वस्तीला आहे आणि त्याची हालचाल आपल्याला जाणवते आहे, असे तो सांगतो. आणि सांगताना आवाज तसूभरही चढवत नाही. भीषण गोष्ट सौम्यपणे सांगण्यातली ही धार एकदा कानाला जाणवली, की या आवाजाची गोडी लागायला सुरुवात झाली म्हणून समजावे.

पहिल्यांदा लक्ष द्यावे ते शब्दोच्चारांकडे. हे गाणे आले त्या 1971 साली ब्रिटिश रॉक गायकांपैकी कितीतरी जण अमेरिकन ब्लूजचे उच्चार उसने घेऊन गात होते. हॅमिल मात्र सुशिक्षित इंग्रज माणूस जसा बोलेल तसा गातो. शब्दाच्या शेवटचे व्यंजन तो गिळत नाही, ते नीट उमटवतो, आणि त्या व्यंजनापाशी किंचित थांबतो, जणू पुढचा शब्द उच्चारावा की नाही याचा विचार चालला आहे. दुसऱ्या कडव्यात खुन्याच्या जागी देवदूत येतात. चाल तीच, पियानोही तोच. पण आवाजातला काळोख निवळतो, स्वर पातळ आणि उजळ होतो, एखाद्या चर्चमधल्या किशोरवयीन गायकाची निर्व्याज कोवळीक त्यात येते. सूर न बदलता केवळ आवाजाचा रंग पालटून भाव पालटणे, ज्याला आपल्या संगीतशास्त्रात काकू म्हणतात, त्याचा इतका सूक्ष्म वापर रॉकमध्ये क्वचितच ऐकायला मिळतो.

हे सारे इतके स्पष्ट ऐकू का येते, याचे एक कारण त्याच्या साथीदारांत दडलेले आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा हॅमिलचा वाद्यवृंद 1967 साली मँचेस्टर विद्यापीठात जन्मला. स्थितिक विद्युत निर्माण करणाऱ्या यंत्राचे नाव, स्पेलिंगमध्ये थोडी गफलत होऊन, त्याला मिळाले. ‘पॉन हार्ट्‌स’ हा ‘मॅन-अर्ग’चा अल्बम ध्वनिमुद्रित होईपर्यंत वाद्यवृंदात चौघे उरले होते: हॅमिल, ऑर्गनवर ह्यू बँटन, सॅक्सोफोनवर डेव्हिड जॅक्सन आणि ड्रम्सवर गाय एव्हन्स. बासवादक निक पॉटर आदल्याच वर्षी बाहेर पडला होता, आणि त्याचे काम बँटन बहुतांशी ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर निभावून नेत होता. रॉक म्हटले की जिचा आवाज आधी कानात घुमतो, ती इलेक्ट्रिक गिटार इथे पाहुण्यासारखी येते. ‘किंग क्रिमसन’चा रॉबर्ट फ्रिप तिला मधूनच घेऊन येतो आणि निघून जातो. एरवी गिटारने भरून टाकली असती ती मधली सगळी जागा त्यामुळे मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेत हॅमिलचा आवाज उभा असतो, आणि तिथे त्याला लपायला आडोसा नसतो. त्याचा श्वास, त्याचे कापणे, वरच्या स्वराला हात घालण्यापूर्वीची गळ्याची तयारी, हे सारे आपल्यापर्यंत पोहोचते.

आणि मग, देवदूतांचे सांत्वन अजून कानात रेंगाळत असतानाच, गाणे फुटते. जॅक्सनचा सॅक्सोफोन आणि बँटनचा ऑर्गन मिळून एक खडबडीत, काटेरी चाल वाजवू लागतात. जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकाच वेळी ओठांत धरून वाजवू शकणारा विलक्षण वादक. त्याच्या फुंकीत कारखान्याच्या भोंग्याचा दणका आहे. चाल अकरा मात्रांची, त्यामुळे ताल धरणारा आपला हात समेवर यावा तर सम त्याआधीच निसटून गेलेली असते. या उलथापालथीत हॅमिल किंचाळतो. मी मोकळा कसा होऊ, मी खरोखर मीच आहे की दुसराच कोणी, अशा अर्थाचे प्रश्न तो विचारतो, आणि विचारताना गळा असा आवळून घेतो की आवाजावर गुरगुरण्याची एक जाड साय चढते. नवख्या श्रोत्याने रेकॉर्ड बंद करावी असे हेच ते ठिकाण. आपण मात्र इथेच थोडे थांबावे आणि एक गोष्ट तपासून पाहावी: या किंकाळीतही सूर सुटलेला नाही. खरखर आहे, ताण आहे, फाटलेपण आहे. पण स्वर हवा तिथेच लागतो. नियंत्रण सुटलेल्या माणसाचे चित्र पूर्ण नियंत्रणाने काढलेले आहे आणि काढणाऱ्याचे वय आहे अवघे बावीस.

किंकाळी ओसरल्यावर गाणे सावकाश स्वतःला गोळा करते. सॅक्सोफोन मवाळ होतो, आवाज पुन्हा खाली उतरतो, पण आता तो पहिल्या कडव्यातला राहिलेला नाही. मधून जाऊन आलेल्या वादळाचा किंचित घोगरेपणा त्याला चिकटला आहे. सुरुवातीची संथ चाल परत येते, आणि तिच्याबरोबर गाण्याचा निवाडाही येतो, की हा खुनी, हा देवदूत, हुकूमशहा आणि तारणहार, ही सगळी एकाच साध्या माणसाची रूपे आहेत. मग अखेरीस संथ चाल आणि काटेरी चाल एकमेकींवर चढवल्या जातात. इतका वेळ वेगळ्या ठेवलेल्या दोन्ही प्रकृती एकत्र वाजतात, आणि गाण्याचे तत्त्वज्ञान शब्दांची मदत न घेता कानाला पटते. एकच सूर, एकच रंग असलेला गुळगुळीत आवाज या जागी असता, तर ही दहा मिनिटे केवळ एक चमत्कृती ठरली असती.

इथून पुढे वाट रुंदावत जाते. ‘पॉन हार्ट्‌स’ची दुसरी बाजू पूर्ण व्यापणारे, तेवीस मिनिटांचे ‘अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’ घ्या. खडकावर आपटणाऱ्या जहाजांतली माणसे मरताना पाहणारा, काहीच करू न शकणारा एकाकी दीपगृह-रक्षक त्यात आहे. त्याचे कुजबुजणे, विव्हळणे, भ्रमिष्ट बडबड, हे सारे हॅमिल एकट्याने उभे करतो आणि स्वतःच्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढवून त्या एकाकी माणसाभोवती त्याचीच गर्दी जमवतो. उलट, 1970 च्या ‘रेफ्यूजीज’मध्ये बासरी आणि चेलोच्या सोबतीने तोच गळा इतका मृदू होतो, की आई बाळाला थोपटते आहे असे वाटावे. इंग्लंडमध्ये ‘पॉन हार्ट्‌स’ विक्रीच्या यादीत पोहोचलादेखील नाही. इटलीत मात्र तो पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे 1977 साली, प्रोग्रेसिव्ह रॉकला मोडीत काढायला निघालेल्या पंक पिढीचा म्होरक्या जॉन लायडन लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड वाजवायला बसला, तेव्हा त्यात हॅमिलची गाणी होती. आवाजातले खरेपण कोणाला कुठे भिडेल, याचे गणित मांडता येत नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये असे गळे आणखीही आहेत. ‘फॅमिली’चा रॉजर चॅपमन स्वराला असा थरथरवतो की तो मेंढीसारखा बेंबटतो असे कुणी म्हणावे, ‘रश’चा गेडी ली धारदार टिपेला जाऊन बसतो, आणि 1973 साली खिडकीतून पडून कमरेखाली अधू झालेला रॉबर्ट वायट ‘रॉक बॉटम’मध्ये इतक्या क्षीण, उघड्या आवाजात गातो की ऐकताना आपलाच श्वास सांभाळावा लागतो. यांतला कोणीही कानाला खूश करायला निघालेला नाही. आपल्या रचनेत त्यांना पात्रे उभी करायची आहेत, आणि पात्राला गोडव्यापेक्षा चेहऱ्याची गरज अधिक असते. या चेहऱ्याशी ओळख व्हायला वेळ लागतो, आणि एकदा झाली की तो विसरता येत नाही.

हॅमिलच्या बाबतीत तर त्या चेहऱ्यावर काळानेही आपल्या रेषा उमटवल्या. डिसेंबर 2003 मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठून 6 मे 2005 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तो जुन्या तिघा साथीदारांसह पुन्हा उभा राहिला. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ‘रिअल टाइम’ या नावाने उपलब्ध आहे आणि त्यात ‘मॅन-अर्ग’ आहे. छप्पन्न वर्षांच्या या आवाजात देवदूतांची कोवळीक कमी झाली आहे, वरचा स्वर मिळवायला कष्ट पडतात. पण बाविसाव्या वर्षी जे प्रश्न त्याने कल्पनेच्या बळावर विचारले होते, ते आता अनुभवाच्या वजनाने येतात. कष्टाचा तो आवाज गाण्याच्या अर्थातच मिसळून जातो. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत, म्हणजे एकाच रचनेची दोन वये आपल्यासमोर उलगडतात.

तेव्हा या गायकाकडे पहिल्यांदाच जाणाऱ्या रसिकाने आधी ‘रेफ्यूजीज’ ऐकावे, मग 1971 चे ‘मॅन-अर्ग’, नंतर 2005 चे, आणि त्यानंतरच दीपगृहाची चढण चढावी. ऐकताना पथ्य एकच: किंकाळीच्या जागी गाणे बंद करू नये. तिच्या पलीकडेच ते पूर्ण होते.