‘अंशतः नुकसान’ म्हणजे नेमकं किती? पंचनाम्याचा डेटा वापरण्याआधी

वादळानंतरच्या घरदुरुस्तीवर संशोधन करायचं ठरवलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘सदर अभ्यासासाठी तहसील कार्यालयातील पंचनाम्यांची आकडेवारी वापरली जाईल.’ गावांची यादी मिळते, घरांची संख्या मिळते, समोर रक्कम असते, एक्सेलमध्ये टाकलं की तक्ते तयार. आजची पोस्ट या एका वाक्यावर टीका करणारी आहे. तलाठी कामचुकार असतात, पंचनामे खोटे असतात, असलं काही मला म्हणायचं नाही. पंचनामा हा मदत वाटण्यासाठी केलेला कागद आहे. त्या कामासाठी तो बऱ्यापैकी चालतो. घराचं काय झालं आणि ते परत कसं उभं राहिलं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आपण मात्र नेमकं तेच विचारतो.

उदाहरण कोकणातलंच घेऊ. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांची आणि बागांची दैना झाली. तारीख नीट बघा. मृग चार-पाच दिवसांवर आला होता, आणि वर लॉकडाऊन.

त्या वेळी केंद्राचे आपत्ती मदतीचे जे निकष लागू होते, ते २०१५ पासूनचे होते. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडलं किंवा मोठ्या प्रमाणात मोडलं तर ९५,१०० रुपये. पक्क्या घराचं अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के, नुकसान झालं तर ५,२०० रुपये, कच्च्याचं झालं तर ३,२००. निसर्गनंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखापर्यंत नेली आणि अंशतः नुकसानीचीही वाढवली, हे खरं. पण केंद्राच्या निकषांची रचना पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या रकमेत अठरा पटींचं अंतर आहे. २०२२ मध्ये निकष सुधारले, आकडे १,२०,००० आणि ६,५०० झाले. भागून बघा, पुन्हा अठरा पटच. म्हणजे रक्कम बदलली, नुकसानीकडे बघायची नजर तीच राहिली.

आता प्रश्न असा की १५ टक्के कशाचे? क्षेत्रफळाचे, किमतीचे, की वापराचे? समजा दोन घरं आहेत. एकाची मागची पडवी आणि न्हाणीघराची भिंत पडली. दुसऱ्याच्या जांभ्याच्या भिंती शाबूत, पण आढ्यापासून खाली सगळी कौलं उडाली, रिपा मोडल्या, चार वासे तुटले. भिंती उभ्या असल्यामुळे दुसरं घरही अंशतः नुकसानीत बसू शकतं, आणि तुमच्या एक्सेलमध्ये दोघांच्या रांगेत एकच कोड पडतो. जानेवारीत हे एकवेळ चाललं असतं. जूनमध्ये कोकणात छप्पर नसलेलं घर म्हणजे घर नसणंच: मातीची भिंत असेल तर ती भिजून खचणार, पेटाऱ्यातलं धान्य सडणार, वायरिंग जाणार. हे नुकसान पंचनाम्यानंतर होतं, म्हणून ते कागदावर नाही. संशोधनाच्या भाषेत हा वैधतेचा प्रश्न आहे. चलाचं नाव ‘घराचं नुकसान’ असलं तरी त्यात मोजलेली गोष्ट ‘मदतीची पात्रता’ आहे. व्हायवाला कुणी विचारलं तर ‘सरकारी आकडेवारी आहे सर’ हे उत्तर पुरत नाही.

आणखी एक. किमान १५ टक्के अशी रेघ असली की १२ टक्केवाली घरं यादीतून गायब होतात, आणि काठावरची घरं दयेपोटी किंवा दबावापोटी आत ढकलली जाण्याची शक्यता असते. तुमच्याकडे टक्केवारीचा कॉलम असेल तर आधी साधा हिस्टोग्राम काढा. १५ च्या लगेच वर गर्दी आणि खाली मोकळं रान दिसलं, तर तो आकडा वाऱ्याबद्दल कमी आणि ऑफिसबद्दल जास्त सांगतोय असं समजा.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो कारणाचा कॉलम. त्यात ‘चक्रीवादळामुळे’ एवढंच असतं. आता वारा छपराचं काय करतो ते बघू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने दर चौरस मीटरला साधारण ६७० न्यूटन, म्हणजे ६८ किलो वजनाइतका दाब. छपराच्या कडांना आणि आढ्याजवळ तो ओढीच्या रूपात, वरच्या दिशेने, याहूनही जास्त असू शकतो. मंगलोरी कौलांचं वजन दर चौरस मीटरला ३५ ते ४० किलो धरा. ती नुसती रिपांवर टेकलेली असतात, तेव्हा उडणारच. पत्रा तर पाचेक किलोचा, तो फक्त हुकांच्या जिवावर बसलेला असतो. कौलांच्या फटींतून थोडी हवा तरी निसटते, पत्र्याला ती सोय नाही. तो निघाला की अख्खा निघतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

पण कोकणातली कितीतरी घरं वाऱ्याने उघडी पडली नाहीत, त्यांच्यावर माड किंवा आंबा पडला. या दोन घरांची दुरुस्ती वेगळी. पहिल्याला वासे भिंतीला आणि आढ्याला बांधून घेणं, कडेचे हुक जवळजवळ मारणं, बाहेर आलेली पाखी आखूड करणं हा इलाज आहे. कमी उंचीच्या घरांसाठी असल्या सूचना देणारं भारतीय मानक २००४ पासून आहे, आयएस १५४९८. दुसऱ्याला यातलं काही करून फारसा उपयोग नाही, त्याने झाडाकडे बघायला हवं. पंचनाम्यात दोघं एकच. मग त्यावरून ‘कौलांपेक्षा पत्रे सुरक्षित’ किंवा उलट असा निष्कर्ष काढणारा तक्ता कितीही सुबक असला तरी पोकळच.

दुसरी गडबड ‘दुरुस्ती पूर्ण’ या शब्दात होते. पैसे खात्यात जमा झाले ही तारीख मिळते, म्हणून तीच दुरुस्तीची तारीख धरली जाते. प्रत्यक्षात आधी ताडपत्री, मग उसने पत्रे, गणपतीच्या आसपास अर्धं छप्पर, आणि कौलं पुढच्या उन्हाळ्यात, सुतार मिळाला तर. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, तेव्हा कुठलं घर या साखळीत कुठे होतं हे कळलं असतं तर केवढा चांगला अभ्यास झाला असता! सेंडाई आराखड्यात पुनर्बांधणी आधीपेक्षा चांगली करा असं म्हटलंय. त्याचा दाखला प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असतो. ‘आधीपेक्षा’ मोजायला आधीचं घर कसं होतं ते माहीत लागतं, आणि पंचनामा सुरू होतो तो पडझडीपासून.

‘मग डेटा आणायचा कुठून?’ हा रास्त प्रश्न. पंचनामा टाकून देऊ नका. नमुना निवडायला, म्हणजे कुठल्या वाडीत जायचं हे ठरवायला तो उत्तम आहे. त्यातून थोडी घरं निवडा आणि छप्पर थरांनी विचारा: आढं, वासे, रिपा, कौलं. काय मोडलं, कशाने मोडलं, कधी बदललं, पैसा कुणाचा. वाडीतल्या सुताराची वही आणि पत्रेवाल्याची बिलं बघायला मिळाली तर तारखा तिथे सापडतील. लोकांना ‘दुरुस्ती कधी झाली’ विचारलं तर ‘झाली की तेव्हाच’ असं उत्तर येतं. ‘त्या गणपतीत पाणी गळत होतं का’ विचारलं तर नीट आठवतं.

आणि बंद घरांचं आधीच ठरवा. मालक मुंबईला, घरपट्टी एका भावाच्या नावावर, हक्क चौघांचा, चुली दोन. मदत एका खात्यात जाते आणि कौलं कुणी चढवायची यावर पुढची दोन वर्षं जातात. असं घर तुमच्या नमुन्यात ‘प्रतिसाद नाही’ म्हणून गळालं, तर दुरुस्ती का रखडते याचं एक मोठं कारण तुम्ही फॉर्म भरतानाच बाहेर ठेवलेलं असेल. त्यासाठी एक फेरी मुंबईतल्या भावांकडेही लागेल. फिल्डवर्कच्या बजेटमध्ये तेवढं लिहून ठेवा.