विलेपार्ले मतदारसंघाचा इतिहास व त्याचीं साधनें

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विलेपार्ले या विधानसभा-मतदारसंघाचा इतिहास लिहून त्याची वही अभिप्रायासाठीं आमच्याकडे आणून दिली. वही अद्यापि अप्रसिद्ध आहे, व तिच्या कर्त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. तथापि तींत जे दोष आहेत ते या विषयावरील बहुतेक लिखाणांत आढळतात; म्हणून कर्त्याची अनुमति घेऊन त्यांची चिकित्सा येथें करीत आहों. जुन्या कागदांना वाहिलेल्या या त्रैमासिकांत कालपरवांच्या निवडणुकांचें काय काम, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, कालचा कागद आज कोणी जपला नाहीं, तर उद्यां जुना कागद म्हणून जपावयास कांहींच उरणार नाहीं.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होय. वहीचा पूर्वभाग चांगला उतरला आहे. साष्टी १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ती घेतली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली, हा वृत्तांत थोडक्यांत पण नेमका दिला आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय व १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ या संस्था निघाल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत पार्ल्यास छावणी पडली. १९५० सालीं हें गांव बृहन्मुंबईंत सामील झालें. हीं सर्व विधानें साधार आहेत. शाळा, संघ व छावणी यांच्यामुळें पार्ल्याच्या मतदारांत सार्वजनिक कामाची संवय कशी रुजली, हेंहि लेखकानें समजून घेतलें आहे.

परंतु निवडणुकांच्या प्रकरणास आरंभ होतांच इतिहास थांबतो आणि कोष्टक सुरू होतें. साल, विजयी उमेदवार, पक्ष, मतें, एवढेच रकाने. शेवटीं २००९ सालीं काँग्रेसचे कृष्णा हेगडे, आणि २०१४, २०१९ व २०२४ या तीनहि निवडणुकांत भारतीय जनता पक्षाचे पराग अळवणी, अशा नोंदी देऊन वही संपते. एका राजानंतर दुसरा राजा सांगणारी जुन्या बखरींतील वंशावळ जशी, तशीच ही. वंशावळ खोटी असते असें नव्हे. पण तेवढ्यावरून राज्य केवढें होतें व त्यांत कोण राहत होतें, हें कळत नाहीं.

पहिला दोष चतुःसीमेचा. कोणतेंहि इनामपत्र हातीं आलें कीं आपण प्रथम पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस व उत्तरेस काय, हें पाहतों. ज्या पत्रांत चतुःसीमा नाहीं त्याच्या आधारें कोणी जमिनीचा वाद सोडवीत नाहीं. मतदारसंघासहि चतुःसीमा असते, आणि ती सीमांकनाच्या आदेशांत लिहिलेली असते. महाराष्ट्र विधानसभेस १९६७ व १९७२ या दोन निवडणुकांत २७० जागा होत्या. १९७६ च्या आदेशानें त्या २८८ झाल्या, व १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सर्व निवडणुका त्या आदेशाप्रमाणें झाल्या. २००८ च्या आदेशानें एकूण जागा २८८ च राहिल्या, पण सीमा नव्यानें आंखण्यांत आल्या, व त्या २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाल्या. आजचा १६७ क्रमांकाचा विलेपार्ले मतदारसंघ हा या शेवटच्या आदेशाचा आहे. १९८७ चा विलेपार्ले व २००९ चा विलेपार्ले हीं नांवें एक, परंतु क्षेत्रें भिन्न होत. अशा दोन क्षेत्रांतील मतें एकाखालीं एक मांडून “येथील मतदारांचा कल बदलला” असा निष्कर्ष वहींत काढला आहे. मतदारांचा कल बदलला कीं मतदारच बदलले, हें सीमा पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

ही बाब किती महत्त्वाची आहे हें जनगणनेच्या आंकड्यांवरून दिसेल. १९७१ सालीं मुंबई शहराची लोकसंख्या सुमारें ३०.७ लक्ष व उपनगरांची सुमारें २९ लक्ष होती. म्हणून १९७६ च्या आदेशांत शहरास १७ व उपनगरांस १७ अशी सारखी वांटणी झाली, आणि ती त्यावेळीं योग्यच होती. पुढें मुंबईची वाढ उत्तरेकडे झाली, पण सीमा जेथल्या तेथें राहिल्या. २००१ सालीं शहरांत सुमारें ३३.४ लक्ष तर उपनगरांत सुमारें ८६.४ लक्ष लोक होते. जागा मात्र अजून सतरा-सतराच. म्हणजे शहरांत सुमारें १ लक्ष ९६ हजार लोकांमागें एक प्रतिनिधि, व उपनगरांत सुमारें ५ लक्ष ८ हजार लोकांमागें एक! उपनगरांतील पांच माणसांचें वजन शहरांतील दोन माणसांहूनहि किंचित् कमी भरत होतें. २००८ च्या आदेशानें शहरास १० व उपनगरांस २६ जागा मिळाल्या, तेव्हां हें माप दोहोंकडे सुमारें ३ लक्ष ३३ हजारांवर येऊन ठेपलें. पार्ल्याचा राजकीय इतिहास लिहितांना याहून मोठी घटना कोणती असूं शकेल? तिचा वहींत उल्लेखहि नाहीं. कारण ती कोणाच्या विजयाच्या रकान्यांत बसत नाहीं.

दुसरा दोष मतदारवर्गाविषयींचा. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें मतदानाचें वय एकवीसचें अठरा झालें, व ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजीं अंमलांत आली. सबब १९८७ ची पोटनिवडणूक जुन्या वयाच्या नियमानें झाली, व १९९० ची नव्या. या दोन निवडणुकांत सीमा तीच होती. पण अठरा ते वीस वर्षांचा एक संपूर्ण नवा वर्ग यादींत आला. वहींत या दोन सालांची तुलना आहे, ती या भेदाची जाणीव न ठेवतां केलेली आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो केवळ उणीवेचा नसून विपर्यासाचा आहे. १३ डिसेंबर १९८७ रोजीं झालेल्या पोटनिवडणुकींत शिवसेनेचे डॉ. रमेश यशवंत प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर काशिनाथ कुंटे यांनीं त्या निवडीविरुद्ध अर्ज केला. मुंबई उच्च न्यायालयानें ७ एप्रिल १९८९ रोजीं निवड रद्द ठरविली, व सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर १९९५ रोजीं, म्हणजे मतदानास आठ वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस उरले असतां, अपील फेटाळलें. वहींत मात्र असें लिहिलें आहे कीं, “सर्वोच्च न्यायालयानें हिंदुत्व ही जीवनपद्धति असल्याचें मान्य करून पार्ल्याची निवड वैध ठरविली.” हें विधान आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे, व तें साफ चुकीचें आहे.

चूक कशी झाली तें समजून घेण्याजोगें आहे. न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठानें त्या निर्णयांत दोन गोष्टी सांगितल्या. हिंदुत्व हा शब्द निव्वळ उच्चारल्यानें धर्माच्या नांवावर मत मागितलें असें होत नाहीं, कोणत्या संदर्भांत तो वापरला हें पाहिलें पाहिजे, ही एक. पार्ल्याच्या प्रचारांतील भाषणें त्या कसोटीस लावून पाहतां तीं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखालीं भ्रष्टाचारांत मोडतात, ही दुसरी. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सिद्धांत एक व त्याचा विनियोग दुसरा. लोकांच्या स्मरणांत सिद्धांत राहिला आणि विनियोग गळून पडला. त्यांत आणखी एक भर अशी कीं, त्याच दिवशीं त्याच पीठानें दादर मतदारसंघांतील १९९० च्या निवडणुकीविषयीं मनोहर जोशी यांचें अपील मान्य केलें. ते त्यावेळीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. दादरचा निकाल पार्ल्याच्या माथीं बसला तो असा. हस्तलिखितांत शेजारच्या दोन ओळी एकाच शब्दानें सुरू झाल्या असतां लेखकाची दृष्टि एकीवरून दुसरीवर घसरते, त्याच जातीचा हा प्रमाद होय.

आणि ज्यांच्या भाषणांवर हा खटला उभा राहिला ते बाळ ठाकरे उमेदवार नव्हते. त्यांनीं आयुष्यांत कोणतीहि निवडणूक लढविली नाहीं. परंतु या प्रकरणामुळें १९९९ सालीं त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठीं, तोहि १९९५ च्या निर्णयापासून मोजून, काढून घेण्यांत आला. विजयी उमेदवारांच्या कोष्टकांत हें प्रकरण कोठेंहि बसत नाहीं. आणि हें गाळून पार्ल्याचा इतिहास होत नाहीं.

शेजारच्या सांताक्रूझचें उदाहरण याहून उद्बोधक आहे. १९९० सालीं तेथून भारतीय जनता पक्षाचे अभिराम सिंह निवडून आले. उच्च न्यायालयानें ती निवड रद्द केली. अपिलांतील प्रश्न १९९६ सालीं मोठ्या पीठाकडे गेला, व शेवटीं सात न्यायाधीशांच्या पीठानें २ जानेवारी २०१७ रोजीं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानें त्याचें उत्तर दिलें. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नांवावर मत मागणें हेंहि निषिद्ध होय, असें तें उत्तर. हा निकाल लागला तेव्हां सांताक्रूझ नांवाचा मतदारसंघ अस्तित्वांतच नव्हता. २००८ च्या आदेशानें तो मोडून त्याची भूमि इतरांत वांटली गेली होती. दादरचेंहि तसेंच झालें. मतदारसंघ गेला व त्याचा निवाडा देशभर नियम म्हणून राहिला, अशीं हीं उदाहरणें आहेत.

चौथा दोष पाठाचा. त्या पोटनिवडणुकींतील २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर व १० डिसेंबर १९८७ या तीन दिवसांच्या भाषणांचा सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत विचार झाला आहे. भाषणें मराठी; निर्णयांत उतरलेले उतारे इंग्रजी. आमच्या विद्यार्थ्यानें त्या इंग्रजी उताऱ्यांचें स्वतः मराठी केलें, आणि तें अवतरणचिन्हांत घालून वक्त्याचे शब्द म्हणून दिलें. तिबेटी अनुवादावरून लुप्त संस्कृत ग्रंथ पुन्हां रचणारे पंडितसुद्धां “हें आमचें पुनर्रचित संस्कृत आहे” असें स्पष्ट सांगतात. ज्या शब्दांवरून एक निवड रद्द झाली, ते शब्द तरी मूळचे हवेत. त्यावेळचीं मराठी दैनिकें, सभेचीं टांचणें, ध्वनिफिती व खटल्याचे कागद धुंडाळल्यावांचून अवतरणचिन्ह घालण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

इतके दोष सांगितल्यावर एक गोष्ट आनंदानें नमूद करतों. वहीच्या मलपृष्ठाच्या आंत, शोभेसाठीं म्हणून, एक जुना छापील कागदांचा जुडगा चिकटविलेला होता. तो त्या पोटनिवडणुकीच्या मतदारयादीचा एक भाग. विद्यार्थ्याचे वडील त्यावेळीं एका उमेदवाराचे मतदान-प्रतिनिधि होते. मतदार आला कीं ते नांवापुढें पेन्सिलीनें खूण करीत. ज्यांच्यापुढें खूण नाहीं तेथें समासांत त्यांच्या बारीक अक्षरांत शेरे आहेत: “मयत”, “गांवीं”, “खोली सोडली”, “नांव चुकलें, परत पाठविलें”. कोणीं कोणास मत दिलें हें त्यावरून कळत नाहीं, व कळूं नयेच. परंतु त्या दिवशीं त्या चाळींत कोण होतें, कोण गेलें, आणि कोणास परत फिरावें लागलें, हें त्यावरून जितकें कळतें तितकें वहीच्या सर्व कोष्टकांवरून कळत नाहीं. स्थालीपुलाकन्यायानें हा एक भाग साऱ्या भाताची परीक्षा करवितो. ज्यास लेखकानें शोभा मानलें तेंच त्याच्या वहींतील एकमेव अस्सल साधन होय. आम्ही तें हातीं दिलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, “गुरुजी, असे आणखी पांच-सहा भाग होते. घर बदलतांना रद्दींत गेले.”

राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत तेव्हां त्यांना हेंच उत्तर किती ठिकाणीं मिळालें असेल! आपल्यापुढील प्रसंग त्याहून फारसा निराळा नाहीं. चौऱ्यायशीव्या घटनादुरुस्तीनें जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. त्यापुढें सीमा पुन्हां हलतील, आणि आजचीं नांवें पुन्हां निराळ्या भूमीस चिकटतील. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, ताम्रपट व सनदा यांच्या जोडीस जुन्या मतदारयाद्यांचे भाग, सीमांकनाचे आदेश व नकाशे, आणि सभांचीं मराठी टांचणें यांसहि आपल्या कपाटांत जागा द्यावी. ज्यांवर हाताच्या खुणा वा शेरे असतील ते कागद प्रथम घ्यावे. कोणत्या सालचा, कोणत्या आदेशाखालचा, व कोणाकडून मिळाला, हें त्यावर लगेच लिहून ठेवावें.

आमच्या विद्यार्थ्यानें वही परत नेली आहे. कोष्टक परिशिष्टांत घालून यादीचा तो भाग पहिल्या प्रकरणांत घ्यावा, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे. तसें झाल्यास पुस्तक लहान होईल. पण तें पार्ल्याचें होईल.